माळकऱ्याचं लिव्हर आणि पोटातला फुगा

पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे, तिथं गळ्यात तुळशीची माळ असलेल्या माणसाच्या हाती ‘फॅटी लिव्हर, ग्रेड २’ असा सोनोग्राफीचा रिपोर्ट पडला की घरात जरा अवघडल्यासारखं होतं. माणूस दारूच्या थेंबाला शिवलेला नाही आणि लिव्हरवर मात्र चरबी. भेटायला आलेल्यांपैकी कुणीतरी ‘तसलं काही नाही ना?’ असं हळूच विचारतंच. त्यांना तरी काय बोलायचं? अर्धशतकापूर्वी डॉक्टरांनाही हाच संशय यायचा.

१९८० साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे पॅथॉलॉजिस्ट युर्गेन लुडविग यांनी २० रुग्णांच्या लिव्हरचे तुकडे तपासून लिहिलं, की दिसतंय ते दारूनं खराब झालेल्या लिव्हरसारखं, पण ही माणसं पिणारी नाहीत. बहुतेक जण अंगानं जाड होते, बऱ्याच जणांना मधुमेह होता. या दुखण्याला तोवर नावच नव्हतं. लुडविग यांनी ‘नॅश’ म्हणजे ‘नॉन-अल्कोहोलिक’ सूज असं नाव दिलं. त्यातला दारूचा उल्लेख जायला २०२३ उजाडलं. आता नाव चयापचयाच्या बिघाडावरून पडलंय, आपल्या रिपोर्टवर मात्र अजून ‘फॅटी लिव्हर’च छापून येतं.

वजन उतरलं की असं लिव्हर सुधारू शकतं, आणि वजन उतरवण्याची शस्त्रक्रिया तर या नावाहून जुनी. १९५४ मध्ये मिनेसोटातल्या सर्जननी लहान आतड्याचा बराचसा भाग वगळून अन्नाला आडवाटेनं पुढं काढून दिलं. वजन झपाट्यानं उतरायचं, पण काही रुग्णांचं लिव्हरच निकामी व्हायचं. रोगापेक्षा औषध भयंकर म्हणतात ते हेच. ती पद्धत पुढं बंद पडली, पण न पिणाऱ्या माणसाचं लिव्हर दारुड्यासारखं दिसू शकतं, हे या बिचाऱ्या रुग्णांमुळंही डॉक्टरांना कळत गेलं.

फुग्याची कल्पना आली केसांच्या गोळ्यावरून. स्वतःचे केस खायची सवय असलेल्यांच्या जठरात गोळा साठतो, भूक मरते, वजन घटतं. मग असा गोळा मुद्दाम ठेवला तर? १९८२ मध्ये डेन्मार्कच्या दोन डॉक्टरांनी फुगा ठेवून पाहिला. १९८५ मध्ये अमेरिकेत ‘गॅरेन-एडवर्ड्स बबल’ला परवानगी मिळाली आणि तो धडाधड बसवला जाऊ लागला. जठरात जखमा झाल्या, फुटलेले फुगे आतड्यात जाऊन अडकले, आणि नुसत्या पथ्यापेक्षा त्यानं फारसं काही होत नाही, हेही चाचण्यांत दिसलं. तीनेक वर्षांत तो बाजारातून गेला. १९८७ मध्ये तज्ज्ञांनी फ्लोरिडात बसून चांगला फुगा कसा असावा ते ठरवलं: गुळगुळीत, टिकाऊ, हवेऐवजी द्रवानं भरलेला. आजचा सिलिकॉनचा बलून त्यातून आला. एंडोस्कोपीच्या, म्हणजे तोंडातून घातलेल्या दुर्बिणीच्या मदतीनं आत ठेवायचा, ४०० ते ७०० मिली सलाईन भरायचं, सहा महिन्यांनी काढायचा. सलाईनमध्ये निळा रंग मिसळतात. बलून गळू लागला की लघवीचा रंग बदलतो आणि रुग्णाला आपोआप कळतं. मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत हुशार युक्ती हीच वाटते.

दुसरी वाट टाक्यांची. लंडनच्या पॉल स्वेन यांनी १९८० च्या दशकात एंडोस्कोपच्या टोकाला बसणारं छोटं शिलाई यंत्र केलं. पुढं सुधारलेल्या यंत्रानं जठराच्या भिंतीला आतूनच टाके घालून त्याची नळी करता येऊ लागली. सोलापुरातल्या युनिफॉर्म शिवणाऱ्या कारागिराला हे समजवावं लागणार नाही: कापड न कापता घेर आत घ्यायचा. माणसांवरचे या पद्धतीचे सुरुवातीचे प्रयोग २०१२ मध्ये झाले, तेही भारतात. २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अमेरिकेतल्या चाचणीत २०९ जण होते. टाके घातलेल्यांचं वजन वर्षभरात सरासरी १३.६ टक्के उतरलं, नुसत्या सल्ल्यावर राहिलेल्यांचं ०.८ टक्के. गंभीर त्रास सुमारे २ टक्क्यांना झाला.

यात लिव्हर कुठं आलं? खरं सांगायचं तर उशिरा, आणि मागच्या दारानं. २०१५ मध्ये क्यूबातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. २९३ रुग्णांना वर्षभर आहार-व्यायामावर ठेवून लिव्हरचा तुकडा पुन्हा तपासला. ज्यांनी १० टक्के वजन उतरवलं, त्यांच्यातल्या ९० टक्क्यांची सूज गेली, ४५ टक्क्यांची लिव्हरमधल्या कडक तंतूंची वाढ म्हणजे फायब्रोसिसही मागं हटली. मेख अशी, की तिथवर पोचले जेमतेम दहातले एक. बलून आणि टाके साधारण त्याच दहा टक्क्यांच्या घरात नेऊन सोडतात, म्हणून लिव्हरच्या डॉक्टरांचं लक्ष इकडं वळलं. नंतर मेयो क्लिनिकमध्येच बलूनच्या वीसेक रुग्णांत बहुतेकांची सूज उतरलेली दिसली. फायब्रोसिस मात्र तुकड्यात थोड्यांचीच कमी झाली. अभ्यास छोटा आहे, हे विसरू नये. आतड्याला आतून अस्तर लावणाऱ्या ‘एंडोबॅरियर’ची अमेरिकेतली चाचणी तर २०१५ मध्ये लिव्हरमध्ये पुवाची गळवं होऊ लागल्यामुळं थांबवावी लागली.

जाडीचा हिशेबही आपल्याकडं निराळा. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३, पण अंगातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिनांची ९.१. म्हणून भारतीयांसाठी जाडीची रेघ ३० ऐवजी २५ वर ओढली जाते. हातपाय काटकुळे नि पोट तेवढं पुढं, अशी माणसं सोलापूरच्या नवी पेठेत उभं राहिलं तरी दिसतात.

राहिला शब्दांचा घोळ. आपल्याकडं ‘दुर्बिणीचं ऑपरेशन’ म्हटलं की पोटाला भोकं पाडून केलेलं समजतात, आणि ‘दुर्बीण घातली’ म्हणजे तोंडातून. जठराचा मोठा भाग कापून काढतात ती स्लीव्ह पहिल्या प्रकारातली. बलून आणि टाके दुसऱ्या. पुण्याला किंवा हैदराबादला दाखवायला जाताना यातली कुठली ते स्पष्ट विचारून घ्यावं. आणि सिरॉसिस होऊन, म्हणजे लिव्हर कडक होऊन, अन्ननलिकेच्या शिरा फुगल्या असतील, तर बलून ठेवत नाहीत.