लग्नाच्या कॅसेटची फाइल करताना दर्जा आणि आकार यांचा मेळ : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे जुनी कॅसेट घेऊन येणारे बहुतेक ग्राहक पहिल्याच भेटीत विचारतात, की फाइल किती जीबीची होईल आणि ती पेनड्राइव्हवर मावेल का. प्रश्न रास्त आहे, परंतु कॅसेट पाहण्याआधी त्याचे नेमके उत्तर देता येत नाही. आकार आधी ठरवून त्यात चित्र कोंबायचे, की दर्जा आधी ठरवून आकार जो येईल तो स्वीकारायचा, या दोन पद्धतींपैकी आम्ही दुसरी वापरतो. ती का वापरतो, हे आपल्याला कळावे म्हणून हे माहितीपत्रक दिले आहे.

जागा कशाने व्यापते

आजच्या साध्या एचडी चित्राची एक फ्रेम १९२० गुणिले १०८० ठिपक्यांची असते आणि अशा २५ फ्रेम दर सेकंदाला लागतात. रंगाची माहिती चार ठिपक्यांना मिळून एकदाच नोंदवली, तरी काहीही न दाबता ठेवलेले असे चित्र सेकंदाला सुमारे ७८ मेगाबाइट, म्हणजे तासाला सुमारे २८० जीबी जागा घेते. व्हीएचएस या जुन्या घरगुती व्हिडिओ कॅसेटच्या काळातले ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचे चित्रदेखील याच हिशेबाने तासाला ५६ जीबीच्या घरात जाते. त्यामुळे कॉम्प्रेशन, म्हणजे माहिती दाबून कमी जागेत बसवणे, करायचे की नाही, हा प्रश्नच उद्भवत नाही. आपल्या मोबाइलमधला प्रत्येक व्हिडिओही चित्रीकरण होत असतानाच दाबला जात असतो.

कॉम्प्रेशन करणारे सॉफ्टवेअर एक फ्रेम पूर्ण साठवते आणि पुढच्या फ्रेममध्ये काय बदलले तेवढेच लिहून ठेवते. गुरुजी होमासमोर बसून मंत्र म्हणत आहेत, मागचा मंडपाचा पडदा जागचा हललेला नाही, कॅमेरा स्टँडवर स्थिर आहे, अशा वेळी लिहिण्यासारखे फारच थोडे असते. याशिवाय प्रत्येक फ्रेमचे लहान लहान चौकोन करून त्यातले डोळ्यांना सहसा न जाणवणारे बारकावे गाळले जातात. किती गाळायचे, हा सगळा निर्णय येथे होतो. बेताने गाळले तर कोणाला कळत नाही, परंतु मर्यादेबाहेर गाळले की चौकोनांच्या कडा दिसू लागतात आणि आपण ज्याला ‘पिक्सेल फुटले’ म्हणतो तसे चित्र होते.

फाइलचा आकार चित्रातल्या ठिपक्यांच्या संख्येवर ठरतो, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात तो ठरतो बिटरेटवर, म्हणजे दर सेकंदाला किती माहिती लिहिली जाते यावर. आठ बिटांचा एक बाइट होतो, त्यामुळे सेकंदाला ५ मेगाबिट या दराने एका तासाची फाइल सव्वादोन जीबीची होते, मग चित्र ७२० चे असो वा १०८० चे. कमी बिटरेटमध्ये मोठे चित्र भरल्यास ते लहान चित्रापेक्षा वाईट दिसते. आवाजाचा वाटा यात अगदी थोडा असतो: सेकंदाला १९२ किलोबिट या चांगल्या दरानेही तासाला ८६ मेगाबाइट लागतात. म्हणून आवाजात आम्ही कधीही काटकसर करत नाही. सनई, मंगलाष्टके आणि घरच्यांचे बोलणे एकदा घुसमटली की पुन्हा मोकळी होत नाहीत.

अक्षतांचे अर्धे मिनिट

लग्नाच्या चित्रीकरणात कॉम्प्रेशनची खरी परीक्षा अंतरपाट खाली येतो तेव्हा होते. ‘शुभमंगल सावधान’ म्हटले जाते, वाजंत्री सुरू होते आणि चारी बाजूंनी अक्षता उडतात. शेकडो दाणे वेगवेगळ्या दिशेने हवेत असतात, छायाचित्रकारांचे फ्लॅश लखलखतात, मंडळी पुढे सरकतात, पैठणीची जर क्षणोक्षणी वेगळी चमकते आणि कॅमेरामनचा हातही गर्दीत हलतो. आधीच्या फ्रेमवरून पुढच्या फ्रेमचा अंदाज बांधावा, असे त्या वेळी चित्रात जवळजवळ काहीच उरत नाही. मागच्या अर्ध्या तासात जो बिटरेट भरपूर होता, तोच या अर्ध्या मिनिटात अपुरा पडतो आणि नेमके वधूवरांचे चेहरे चौकोनांत विरघळतात. संपूर्ण कॅसेटमधले जे क्षण कुटुंब पुन्हा पुन्हा लावून पाहते, तेच सर्वाधिक माहिती मागणारे असतात, हे आम्ही कामातून शिकलो.

ते शिकण्याची किंमत एका ग्राहकाला मोजावी लागली होती. सुरुवातीच्या काळात साडेतीन तासांचे लग्न एकाच डीव्हीडीवर बसवण्याचा आग्रह आम्ही मान्य केला. ४.७ जीबीच्या डीव्हीडीवर साडेतीन तास म्हणजे चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला जेमतेम ३ मेगाबिट, आणि डीव्हीडीच्या जुन्या एमपीईजी-२ पद्धतीला तेवढ्यात गर्दीचे प्रसंग झेपत नाहीत. डीव्हीडी नेल्यावर चार दिवसांनी त्या बाई परत आल्या. अक्षता टाकताना त्यांच्या आजी चित्राच्या डाव्या कडेला दिसतात, आजींचे हलते-बोलते चित्र तेवढेच आहे, आणि डीव्हीडीवर तिथे चेहऱ्याऐवजी केवळ करडे चौकोन होते. कॅसेट त्यांनी जपून ठेवली होती म्हणून काम पुन्हा करता आले. त्या दिवसापासून आकाराचा आकडा आधी मान्य करून आम्ही कोणतेही काम हाती घेतलेले नाही.

आता आम्ही दर्जा स्थिर ठेवणारी पद्धत वापरतो. एक्स२६४ या सॉफ्टवेअरमध्ये तिला सीआरएफ म्हणतात. तिचे माप ० ते ५१ असते, आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला, आणि सॉफ्टवेअर स्वतःहून २३ हा आकडा धरते. आकडा सहाने कमी केला की फाइल साधारण दुप्पट होते. लग्नाच्या कॅसेटसाठी आम्ही सहसा १८ ठेवतो. या पद्धतीत शांत प्रसंगांना थोडी आणि अक्षतांना, लेझीमला, वरातीला भरपूर माहिती आपोआप मिळते. म्हणूनच सारख्याच वेळेच्या दोन कॅसेटच्या फाइलींच्या आकारात मोठा फरक पडू शकतो आणि दर मात्र आम्ही तासावर आकारतो, जीबीवर आकारत नाही.

मुंग्या, रेषा आणि 4के

जुन्या व्हीएचएस कॅसेटवर चित्रभर मुंग्या, म्हणजे सतत लुकलुकणारे बारीक ठिपके, असतात. प्रत्येक फ्रेममध्ये त्या नव्या जागी येतात, त्यामुळे सॉफ्टवेअर त्यांनाही महत्त्वाची हालचाल समजून लिहून ठेवते आणि स्वच्छ एचडी चित्रापेक्षा खराब कॅसेटला कधीकधी जास्त बिट लागतात. मुंग्या काढल्या की फाइल लहान होते, हे खरे आहे. परंतु त्या हात राखून काढाव्या लागतात, अन्यथा चेहरे मेणासारखे गुळगुळीत होतात आणि जरीचे काठ नुसते पिवळे पट्टे दिसतात. फाइल लहान करण्यासाठी आम्ही मुंग्या काढत नाही. पाहणे सुसह्य होईल एवढ्याच काढतो.

आपल्याकडच्या पाल या टीव्ही-चित्र पद्धतीच्या कॅसेटवर दर सेकंदाला ५० अर्धी चित्रे एकाआड एक रेषांत नोंदवलेली असतात. ती नीट न सोडवता फाइल केल्यास हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेषा येतात आणि त्या रेषांवर बिट वाया जातात. आम्ही त्यांच्या ५० पूर्ण फ्रेम करतो. फाइल थोडी वाढते, पण वरातीतला नाच झटके न घेता वाहता दिसतो.

कॅसेट 4के करून द्या, अशी मागणी हल्ली वारंवार होते. व्हीएचएसवर आडव्या दिशेने सुमारे २४० रेषांइतकाच तपशील असतो. चित्र ताणल्याने फाइल वाढते, तपशील वाढत नाही, म्हणून हे काम आम्ही करत नाही.

आपल्याला कोणत्या फाइली मिळतील

पहिली फाइल मूळ प्रत असते आणि ती पाहण्यासाठी नसून जपण्यासाठी असते. मिनीडीव्ही या लहान डिजिटल कॅसेटवरची माहिती जशीच्या तशी उतरवता येते आणि ती तासाला सुमारे १३ जीबी होते. व्हीएचएससाठी आम्ही काहीही न गमावणाऱ्या एफएफव्ही१ पद्धतीने नोंद करतो, ती याहून मोठी असते. या प्रती दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, शक्यतो दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात. पुढे नवी पद्धत आली तर नवी फाइल या प्रतीवरून करावी. दाबलेली फाइल पुन्हा दाबल्यास प्रत्येक वेळी आणखी बारकावे जातात. मूळ कॅसेटही टाकून देऊ नये.

दुसरी फाइल पाहण्यासाठी असते आणि ती एच.२६४ पद्धतीची एमपी४ असते. २०१३ सालची एच.२६५ पद्धत जवळपास तोच दर्जा बरीच कमी जागा घेऊन देते आणि २०१८ सालची एव्ही१ त्याही पुढे जाते, परंतु घरातल्या जुन्या टीव्हीला त्या चालतीलच असे नाही. २००३ सालची एच.२६४ मात्र बहुतेक सर्वत्र चालते. आजोबांनी पेनड्राइव्ह टीव्हीला लावावा आणि चित्र दिसावे, हे आम्हाला एक-दोन जीबी वाचवण्यापेक्षा मोलाचे वाटते. मागितल्यास एच.२६५ ची प्रतही देतो.

पेनड्राइव्ह ३२ जीबीचा असूनही ५ जीबीची फाइल त्यावर जात नाही, अशी तक्रार आल्यास तो फॅट३२ पद्धतीने तयार केलेला असतो, कारण त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असू शकत नाही. काही जुन्या टीव्हींना दुसरी पद्धत वाचता येत नाही, म्हणून आम्ही हळद, विवाह, वरात असे भाग पाडून देतो. परदेशातल्या नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवताना फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून, २ जीबीच्या मर्यादेत पाठवावी. व्हिडिओ म्हणून पाठवल्यास ती वाटेत पुन्हा दाबली जाते.

पूर्ण काम करण्याआधी आम्ही आपल्याला एक मिनिटाचा नमुना तीन वेगवेगळ्या दर्जांत देतो. तो मोबाइलवर पाहू नये, कारण एवढ्याशा पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. घरच्या टीव्हीवर, नेहमी बसता तेवढ्या अंतरावरून पाहावा आणि मगच निवड कळवावी. नमुन्यासाठी कोणते मिनिट घ्यावे, हे आपणच सांगावे: कॅसेट देताना सोबतच्या चिठ्ठीवर, ज्या माणसांचे चेहरे आपल्याला स्पष्ट हवे आहेत ती साधारण कोणत्या प्रसंगात आणि चित्राच्या कोणत्या बाजूला दिसतात, ते लिहून द्यावे.