घट्ट विणीचं कापड आधी का फाटतं?

कापडाच्या दुकानात पॉपलीन मागितलं की विक्रेता ठाण उलगडतो, काठाशी कात्रीने बोटाच्या पेराएवढी चीर देतो आणि दोन्ही हातांनी टर्रकन फाडतो. पन्ह्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कापड सरळ रेषेत सुटतं. जीन्सचं कापड मात्र तो असं फाडायला जात नाही, तिथे कात्रीच चालवतो. गिऱ्हाईक तेवढ्यात पॉपलीन उजेडाला धरून बघतं, अंगठ्यांनी ताणतं आणि म्हणतं, "वीण घट्ट आहे, टिकेल." डोळ्यांसमोर फाडलेल्या कापडाबद्दल!

ही समजूत इतकी पक्की का आहे, ते कळतं. ताणून बघितलं तर घट्ट विणीचं कापड खरंच मजबूत असतं. पण अंगावरचे कपडे असे सरळ ताणून क्वचितच तुटतात. ते खिळ्याला अडकून फाटतात, घासून विरतात किंवा शिवणीत उसवतात. या तिन्हींची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. सगळ्यात गंमतीचं आहे ते फाटणं.

थोडा हिशोब करू. बाजारात सर्रास मिळणारं पॉपलीन 40 नंबरच्या सुताचं असतं. 40 नंबर म्हणजे 840 यार्डांच्या 40 लडी मिळून एक पौंड, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी सुताची लांबी जवळजवळ 31 किलोमीटर. या पॉपलीनमध्ये इंचाला 133 उभे धागे (ताणा) आणि 72 आडवे (बाणा) असतात. असा एक धागा साधारण पाव किलोच्या आसपास वजनाला तुटतो. म्हणजे एक इंच रुंदीची पट्टी सरळ ओढली, तर 133 धागे मिळून 30 किलोंपर्यंत झेलतील. तेच कापड चीर देऊन फाडायला लागणारा जोर मात्र बहुधा एक किलोच्याही आत असतो. तीस किलो कुठे गेले?

चिरेच्या टोकाशी भिंग धरा. कापडाच्या दोन जिभा विरुद्ध दिशांना ओढल्या की टोकाशी एक छोटा त्रिकोण उघडतो. त्रिकोणाच्या दोन बाजू म्हणजे चिरेच्या कडा. त्या कडांच्या मध्ये जे धागे आडवे पसरलेले असतात, सगळा भार त्यांच्यावर येतो. बाकीच्या हजारो धाग्यांना काही झाल्याची खबरही नसते. म्हणून कापड किती सहज फाटेल, हे एकाच गोष्टीवर ठरतं: त्या त्रिकोणात एका वेळी किती धागे गोळा होतात.

गोळा होतात म्हणजे सरकतात. पहिला धागा ताणला गेला की तो तुटण्याआधी आपल्याला छेदणाऱ्या धाग्यांवरून किंचित घसरतो आणि मागच्या धाग्याला जाऊन चिकटतो. दोघे मिळून तिसऱ्याकडे सरकतात. असे चार-पाच धागे एकत्र आले की त्यांची जुडी बनते आणि भार वाटला जातो. आता प्रत्येक छेदावर घर्षण असतं. साध्या विणीत धागा एक वर, एक खाली, असा प्रत्येक छेदावर अडकलेला असतो. त्यात इंचाला 133 धागे कोंबले की घसरायला जागाच उरत नाही. पहिला धागा एकटा सापडतो आणि तुटतो, मग दुसरा, मग तिसरा. दुकानात ऐकू येणारा 'टर्र' हा आवाज या एकेकट्या तुटण्यांचा असतो. छत्तीस इंची पन्ह्यात असे पावणेपाच हजारांहून अधिक धागे क्षणार्धात तुटतात.

जीन्सची वीण असते तीनावर एक ट्विल: ताण्याचा धागा तीन बाण्यांच्या वरून जातो आणि एकाच्या खालून. चार धाग्यांच्या अंतरात साध्या विणीत वर-खाली होण्याच्या चार जागा येतात, इथे दोनच. अडकण निम्मी झाली, घसरण वाढली, जुडी जाड झाली. सूत जाड असतं ते वेगळंच, पण तेच सूत घेऊन साधी आणि ट्विल अशा दोन विणी केल्या तरी ट्विलच फाडायला जड जातं.

प्रयोगशाळेत हे मोजायला एल्मेनडॉर्फ नावाचं यंत्र वापरतात. मुळात ते कागदासाठी बनलं होतं. कापडाच्या तुकड्याला 20 मिलिमीटरची चीर देऊन पाव वर्तुळाच्या आकाराचा लोलक सोडतात. तो उरलेलं 43 मिलिमीटर कापड फाडत खाली येतो आणि त्यात त्याची जितकी ऊर्जा खर्ची पडते, त्यावरून जोर काढतात. चीर सरळ न जाता बाजूला वळली तर तो नमुना बाद. घरी करायचं तर हाताएवढा तुकडा घ्या, मधोमध तीन सेंटिमीटर कापा, दोन जिभा हळू ओढा आणि त्रिकोणात किती धागे जमतात ते मोजा.

एकदा ही घसरण लक्षात आली की बऱ्याच तक्रारींचा उलगडा होतो. 'रिंकल-फ्री' सुती शर्ट लवकर का फाटतो? सुरकुती पडू नये म्हणून सेल्युलोजच्या साखळ्या रसायनाने एकमेकींना बांधलेल्या असतात. त्यामुळे तंतू ठिसूळ होतो आणि धागेही जागच्या जागी जखडतात. फाटण्याची ताकद एक तृतीयांशाने किंवा त्याहूनही जास्त घटते. गिरण्या मग त्याच टाकीत सिलिकॉन किंवा पॉलिथिलीनचा मुलायमक घालतात. हाताला मऊ लागणं हा त्याचा अर्धाच उपयोग, धागे पुन्हा घसरू लागतात हा उरलेला अर्धा. नव्या स्वस्त कापडाचा जाडसरपणाही असाच फसवा: मागावर ताणा तुटू नये म्हणून सुताला खळ दिलेली असते, ती पुरती न काढता कापड विकलं की ते भरीव लागतं आणि दोन धुण्यांत पोतेरं होतं. कोपऱ्यावर टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाका. निळं-काळं झालं तर आत स्टार्चची खळ आहे.

जाता जाता, 'हजार थ्रेड काउंट'च्या चादरींबद्दल. वरच्या पॉपलीनचा काउंट 133 अधिक 72, म्हणजे 205 होतो. एकेरी सुताने हजार गाठणं जवळपास अशक्य, म्हणून अनेकदा दोन-तीन पदरी धाग्याचा प्रत्येक पदर सुटा मोजतात. 'बांबूच्या जंतुनाशक' कापडाचीही तीच तऱ्हा: बांबूचा लगदा विरघळवून काढलेला तंतू शेवटी व्हिस्कोसच असतो, आणि ओला झाला की व्हिस्कोसची निम्म्याच्या आसपास ताकद जाते. कापूस उलट ओला असताना अधिक मजबूत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2009 मध्ये चार विक्रेत्यांवर या बांबूच्या दाव्यांसाठी कारवाई केली होती. नवा कपडा कुठल्या वारी घालावा हे पंचांगात शोधणारे आणि लेबलवर हिरवं पान बघून भुलणारे, दोघांनीही एकदा वीण बघावी.

मग सगळंच सैल विणावं का? नाही. लांब मोकळे धागे खडबडीत कडेला अडकून ओढले जातात, घासून लवकर विरतात, आणि शिवणीशी सरकून फट पाडतात. घासण्याच्या मार्टिनडेल चाचणीत बहुधा घट्ट, साधी वीणच पुढे असते. इथे रचनाकाराची कला लागते: कुठे मोकळीक द्यायची आणि कुठे बांधायचं. बर्लिनजवळच्या बर्नाऊ इथल्या कामगार संघटनेच्या शाळेसाठी बाउहाउस या जर्मन कलाशाळेतल्या विणकर ॲनी अल्बर्स यांनी सभागृहाच्या भिंतीचं कापड विणलं, त्यात एका बाजूला उजेड परतवणारा सेलोफेन आणि दुसरीकडे आवाज शोषणारा शेनिल, म्हणजे मखमलीसारखा लवदार धागा, होता. यावर त्यांना 1930 मध्ये पदविका मिळाली. गरज आधी, वीण नंतर, असा हा क्रम. रिपस्टॉप कापडात पातळ, घट्ट विणीत दर पाच ते आठ मिलिमीटरला जाड किंवा जोडधागा घालतात. चीर धावत येते आणि तयार जुडीवर आपटून थांबते. जीन्सवाल्या जेकब डेव्हिस आणि लेवी स्ट्राउस यांचं 1873 चं पेटंटही खिशाच्या कोपऱ्यावरच्या रिव्हेटचंच, म्हणजे धातूच्या ठोकळ खिळीचंच, होतं, कारण भार तिथे एकवटतो.

दुरुस्तीतही हेच पाळावं लागतं. विरलेल्या सुती कापडावर जाड नवं ठिगळ पॉलिस्टरच्या दोऱ्याने घट्ट शिवलं की पुढची चीर बरोबर ठिगळाच्या कडेने जाते. तिथे मऊ आणि ताठ यांची सीमा असते आणि दोरा कापडाहून चिवट असतो. ठिगळ जुन्याच, धुतलेल्या कापडाचं घ्यावं, कोपरे गोल कापावेत, सुती दोरा वापरावा आणि धावदोऱ्याच्या ओळी कमी-जास्त लांबीवर संपवाव्यात. रफू करताना धागा त्याच कपड्याच्या दुमडीतून काढावा, भोकापलीकडे निदान एक सेंटिमीटर शाबूत कापडात न्यावा, आणि प्रत्येक वळणावर बारीकसा फास सैल सोडावा. धुतल्यावर रफूचा धागा आटतो. फास ठेवला नसेल तर तो कापडाला आवळून नवी चीर पाडतो.