धूर दिसला की चुकलं

ड्रम पहिल्यांदा पेटवला तेव्हा त्यातून इतका धूर निघाला की कुंपणापलीकडच्या काकूंनी विचारलं, "शिमगा यंदा लवकर आला का?" मी मात्र खूश होतो. धुरावर शिजवायचं म्हणजे धूर हवाच, आणि जितका जास्त तितका चांगला, असा माझा साधा हिशेब. दोन तासांनी बाहेर काढलेली कोंबडी दिसायला सुरेख होती आणि लागत होती झिजलेल्या टायरसारखी. जिभेवरचा कडूपणा रात्री दात घासल्यावरही गेला नाही.

चूक कोंबडीची नव्हती, आगीची होती. जांभळाच्या नुकत्याच तोडलेल्या फांद्या घातल्या होत्या आणि वरचं धुराडं बंद ठेवलं होतं, धूर 'आत राहावा' म्हणून.

मुळात लाकूड थेट जळत नाही. तापलं की आधी त्याचं विघटन होतं, त्यातून वायू सुटतात आणि ज्वाळा दिसते ती त्या वायूंची. लाकडातलं हेमिसेल्युलोज २०० अंश सेल्सिअसच्या पुढे मोडायला लागतं आणि त्यातून ॲसेटिक आम्ल निघतं, म्हणजे व्हिनेगरमधलं आंबट द्रव्य. सेल्युलोज ३०० अंशांच्या पुढे मोडतं. त्यातून निघणाऱ्या कार्बोनिल संयुगांमुळे मांसाला तो तपकिरी-सोनेरी रंग चढतो. खरी मजा आहे लिग्निनमध्ये. लाकडाला ताठपणा देणारं हे द्रव्य मोडलं की ग्वायाकॉल आणि सिरिंगॉल तयार होतात. आपण ज्याला 'धुरकट चव' आणि 'धुरकट वास' म्हणतो, त्यात मोठा वाटा या दोघांचा. व्हॅनिलाचा गंध देणारं व्हॅनिलिनही याच मोडतोडीत थोडंसं सापडतं. बाभूळ, पेरू, चिंच यांच्या लाकडातून ग्वायाकॉल आणि सिरिंगॉल दोन्ही मिळतात. चीड-देवदाराच्या लिग्निनमधून सिरिंगॉल जवळजवळ मिळत नाही, वर राळेची काजळी. फर्निचरचे तुकडे आणि प्लायवूड तर विचारातसुद्धा घेऊ नका, आणि कण्हेरीची फांदी चुकूनही नको. ती विषारी आहे.

आता ओल्या फांदीचं काय होतं पाहा. ताज्या लाकडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणी असू शकतं. निखाऱ्याची धग ते पाणी उडवण्यातच खर्ची पडते, वायू पेटण्याइतके तापतच नाहीत आणि अर्धवट जळालेले थेंब दाट पांढऱ्या धुराच्या रूपानं बाहेर पडतात. धुराडं बंद असेल तर ते आतच साचतात आणि मांसावर डांबरासारखा चिकट थर बसतो. तीच माझी कोंबडी.

नीट जमलेल्या आगीचा धूर जेमतेम दिसतो. काळोख्या झाडीच्या पार्श्वभूमीवर पाहिलं तर निळसर रेघ दिसते, एवढंच. या धुराचे कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही बारीक असतात, म्हणून ते निळा प्रकाश जास्त विखुरतात. कण मोठे झाले की सगळेच रंग सारखे विखुरतात आणि धूर पांढरा होतो. म्हणजे थर्मामीटर हातात नसला तरी धुराचा रंग आगीची तब्येत सांगतो. आजीला चुलीसमोर बसून हे कळायचं. पांढरा लोट उठला की तिची फुंकणी हातात असायची. त्या धुरानं तिची छाती आयुष्यभर खोकत राहिली हेही खरं, म्हणून माझा सगळा खटाटोप उघड्यावर.

धुराचं आणखी एक गुपित म्हणजे तो थंड आणि ओल्या पृष्ठभागावर जास्त बसतो. गरम हवेतले बारीक कण थंड बाजूकडे ढकलले जातात आणि ओल असेल तर तिथेच चिकटतात. म्हणून मांस फ्रीजमधून काढून लगेच लावलं तर पहिल्या तासातच बराचसा वास पकडतं. जाता जाता, बिर्याणीला किंवा डाळीला आपण जी धुरी देतो, निखाऱ्यावर तुपाचा थेंब टाकून, तो धूर लाकडाचा नसतोच. कोळशातली वासाची द्रव्यं भट्टीतच उडून गेलेली असतात. धूर असतो तुपाचा. दोन्हींची चव वेगळी लागते ती यामुळेच.

ड्रम २०० लिटरचा, भंगारातून आणलेला. घेताना तो आधी कशाचा होता ते विचारा. खाद्यतेलाचा असेल तर ठीक. पेट्रोल किंवा रसायनाचा ड्रम कापताना स्फोट होऊ शकतो. आतला रंग जाळून, घासून काढावा लागतो. जाळीसाठी दुकानदार जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा गळ्यात मारू पाहील. तो घेऊ नका. फार तापला तर जस्ताच्या ऑक्साइडचा धूर निघतो आणि त्यानं हुडहुडी भरून ताप येतो.

तळाशी कोळशाची टोपली, तिच्यावर ताट, वर जाळी. ताट यासाठी की चरबी निखाऱ्यावर टपकली की बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक संयुगं तयार होतात. हवा खालच्या दोन-तीन भोकांतून आत येते आणि वरून बाहेर जाते. ३० अंशांची हवा ११० अंशांपर्यंत तापली की तेवढ्याच जागेत तिचं वजन सुमारे एक पंचमांशानं घटतं. ती वर चढते आणि खालून ताजी हवा ओढून घेते. म्हणून वरचं भोक कायम उघडं. आगीला लगाम घालायचा तो खालूनच.

दुसऱ्या खेपेला बोकडाचा खांदा लावला. मांसात खुपसलेल्या थर्मामीटरचा आकडा भराभर चढत ६८ अंशांवर आला आणि तिथे बसला. अर्धा तास, एक तास. कोळसा वाढवला, ड्रम तापला, मांस ढिम्म. हे का होतं, याचं उत्तर स्वयंपाकघरातल्या माठात आहे. मांसातलं पाणी पृष्ठभागावर येऊन उडत असतं आणि एक ग्रॅम पाणी उडायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात पाच ग्रॅम पाणी शून्यापासून उकळीपर्यंत तापवता येतं. निखारा देत होता तेवढी उष्णता मांस घामावाटे उधळत होतं. उपाय सोपा निघाला: घाम अडवायचा. केळीच्या पानात गुंडाळून वर फॉइल लावली आणि आकडा पुन्हा हलला. ९० अंशांच्या पुढे जाईपर्यंत धीर धरायचा, कारण खांद्यातला चिवट कोलॅजेन विरघळून जिलेटिन व्हायला तापमान तर लागतंच, वेळही लागतो. कोंबडीला इतकी वाट पाहावी लागत नाही, आतून ७४ अंश पुरे.

ओटा जांभ्याचा बांधला, पण आगीला भिडणारी बाजू धग सोसणाऱ्या, भट्टीत लावतात त्या विटांची. शेजारच्या चुलीच्या मातीत भाताचा तूस मिसळला. तो जळून गेला की मातीत बारीक पोकळ्या राहतात, त्यामुळे चूल धग धरून ठेवते आणि तडकतही कमी. नदीतले गोटे मात्र आगीजवळ ठेवू नका. आत शिरलेल्या पाण्याची वाफ होते, ती सोळाशे पटींहून जास्त जागा मागते आणि दगड फुटतो.

जागेचा हिशेब मात्र माझा साफ चुकला. घर अलिबागजवळ, समुद्र पश्चिमेला आणि परस घराच्या पूर्वेला. दुपारभर खारे वारे धूर मागच्या वाडीकडे नेत होते, सगळं छान. रात्री नऊच्या सुमारास वारा फिरला. जमीन पाण्याआधी थंड होते आणि मतलई वारे समुद्राकडे निघतात. सगळा धूर सरळ माजघरात. सकाळी उशा, चादरी, देव्हाऱ्यातल्या वातीसुद्धा पेरूच्या लाकडाच्या वासाच्या. तेव्हापासून ड्रम अकराच्या आधी पेटवत नाही आणि सातच्या आत झाकण उघडतो. उरलेल्या निखाऱ्यांवर तेवढ्यात भरताची दोन वांगी होतात, त्यातलं एक कुंपणापलीकडे जातं.