वेदनाशामक औषध लांब साखळीला बांधले तर

पुण्यात गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया आता नित्याची झाली आहे. पहिली रात्र बहुतेक रुग्णांना बरी जाते. खरे दुखणे सुरू होते ते भूलतज्ज्ञांनी दिलेल्या ‘ब्लॉक’चा, म्हणजे मज्जातंतूजवळ टोचून पाय बधिर करणाऱ्या इंजेक्शनचा, असर ओसरल्यावर. ब्लॉकसाठी नेहमी वापरले जाणारे ब्युपिवाकेन हे बधिर करणारे औषध मज्जातंतूजवळ काही तास, फार तर रात्रभर टिकते, आणि जखमेचे दुखणे मात्र तीन-चार दिवस राहते. मात्रा वाढवून हे अंतर भरून काढता येत नाही, कारण ब्युपिवाकेन रक्तात प्रमाणाबाहेर गेले तर हृदयाचे ठोके बिघडतात.

औषध सावकाश सुटावे म्हणून पॉलिमर, म्हणजे लहान रेणू जोडून बनलेली लांब साखळी, वापरण्याची युक्ती आपल्या परिचयाची आहे. डायक्लोफेनॅकच्या १०० मिलिग्रॅम गोळीवर ‘एसआर’ (सस्टेन्ड रिलीज, म्हणजे सावकाश सुटणारे) ही अक्षरे असतात आणि ती चावू नये, फोडू नये असे औषध दुकानदार बजावतात. अशा अनेक गोळ्यांतील सेल्युलोजजन्य पॉलिमर पोटात पाणी पिऊन फुगतो व त्याच्या बुळबुळीत थरातून औषध हळूहळू झिरपते. गोळी फोडली की हा थर नीट बनत नाही. येथे औषध पॉलिमरमध्ये नुसते मिसळलेले असते. टोचून द्यायच्या औषधात एवढ्यावर भागत नाही, कारण नुसत्या मिसळलेल्या औषधाचा मोठा वाटा बऱ्याचदा पहिल्या काही तासांतच बाहेर पडतो, आणि धोका नेमका तेव्हाच असतो.

म्हणून औषधाचा रेणू पॉलिमरच्या साखळीला रासायनिक बंधानेच जोडायचा, हा विचार पुढे आला. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेल्मुट रिंग्सडॉर्फ यांनी १९७५ मध्ये त्याचा आराखडा मांडला. लांबलचक साखळी टोचलेल्या जागेवरून सहजासहजी हलत नाही, आणि बंध शाबूत असेपर्यंत औषध बहुधा निष्क्रिय राहते. औषध जोडणारा एस्टर नावाचा बंध शरीरातील पाण्याने तुटला की एकेक रेणू मोकळा होऊन कामाला लागतो. औषध किती काळ पुरणार हे अशा वेळी त्याच्या जोरापेक्षा बंध तुटण्याच्या वेगावर ठरते, आणि मला या विषयातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे बोस्टनच्या बालरुग्णालयातील डॅनियल कोहेन यांच्या गटाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेले काम. त्यांनी निवडलेले टेट्रोडोटॉक्सिन हे फुगा माशातील जहाल विष आहे. ते मज्जातंतूंतील सोडियम वाहिन्या (सोडियम आत सोडणारी सूक्ष्म द्वारे) बंद करते, त्यामुळे वेदनेचा संदेश पुढे जात नाही. हे विष मोकळे टोचले तर प्रभावी मात्रा आणि घातक मात्रा यांत फारसे अंतर उरत नाही. संशोधकांनी ते एस्टर बंधांनी पॉलिमरला जोडले आणि साखळीतील पाण्याची ओढ असणारा भाग कमी-जास्त करून बंध तुटण्याचा वेग बदलला. उंदरांच्या मांडीतील सायटिक मज्जातंतूवर बधिरता काही तासांपासून तीन दिवसांपर्यंत हवी तशी लांबवता आली, आणि विषबाधेची लक्षणे अत्यल्प राहिली.

रटगर्स विद्यापीठात कॅथरिन उरिक यांनी याहून पुढची पायरी त्याआधीच गाठली होती. त्यांच्या पॉलिमरमध्ये ॲस्पिरिनचे मूळ असलेले सॅलिसिलिक आम्ल हाच साखळीचा दुवा आहे, त्यामुळे साखळी झिजते तसतसे औषधच तयार होत जाते.

पुण्यातही या शास्त्राची जाण जुनी आहे. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉलिमर संशोधनाची मोठी परंपरा आहे. १९८९ ते १९९५ या काळात तिचे संचालक असलेले डॉ. रघुनाथ माशेलकर स्वतः पाणी शोषून फुगणाऱ्या जेलचे अभ्यासक.

तरीही तीन दिवसांची बधिरता प्रत्येकाला हितकारक ठरेलच असे नाही. गोळी बंद करता येते, पण मज्जातंतूजवळ टोचलेली साखळी परत काढता येत नाही. टेट्रोडोटॉक्सिन वेदनेबरोबर स्नायूंची हालचालही थांबवते, आणि गुडघा बदललेल्या रुग्णाला तर दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभे करायचे असते. पाय लुळा असेल तर तो पडू शकतो. शिवाय पायात सूज वाढून रक्तपुरवठा अडला तर त्याची पहिली खूण असह्य वेदना हीच असते, आणि बधिर पायात ती डॉक्टरांना कळणार नाही. म्हणून वेदनेचे तंतू तेवढे बंद करून स्नायूंचे तंतू मोकळे ठेवील असे औषध साखळीला जोडण्यासाठी शोधणे, हे बंधाचा वेग साधण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे.