नळाचं पाणी जड आहे का? यंत्र घेण्याआधी मोजून घ्या

तोटीभोवती खडूसारखा पांढरा थर, पुसूनही न जाणारे काचेवरचे डाग, शॉवरच्या निम्म्या भोकांतून तिरक्या उडणाऱ्या धारा. ही तक्रार घेऊन येणारे बरेच जण सुरुवातच करतात, “आमच्याकडे पाणी घाण येतं.” असं पाणी बहुधा जड असतं, म्हणजे त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार जास्त विरघळलेले असतात, आणि जड पाणी दिसायला अगदी स्वच्छ, नितळ असू शकतं. हा फरक कळला तर नको ते यंत्र घेणं टळतं, म्हणून हे पत्रक.

पावसाचं पाणी जमिनीत मुरताना हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड सोबत घेतं, किंचित आम्लधर्मी होतं आणि खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवत खाली जातं. त्यामुळे बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी तलावाच्या पाण्यापेक्षा जड असतं. दोन्ही पाणी एकाच टाकीत पडत असेल तर जडपणा दिवसागणिकही बदलतो. शाळेत याला ‘दुष्फेन’ म्हणायचे, आणि शब्द नेमका आहे: साबणाचा फेस होत नाही. साबण कॅल्शियमशी जुळून चिकट साका बनतो. बादलीच्या कडेला आणि केसांत राहतो तो हाच. कपडे राठ आणि मळकट दिसतात तेही यामुळेच. धुण्याच्या पावडरमध्ये कॅल्शियम बांधून ठेवणारे घटक असतात, त्यामुळे तिचं साबणाइतकं अडत नाही.

खरं नुकसान गरम पाण्यात

पाणी तापलं की त्यातल्या बायकार्बोनेटचं कॅल्शियम कार्बोनेट होतं. ते पाण्यात विरघळलेलं राहत नाही, जिथे उष्णता जास्त तिथेच चिकटतं. जुना गिझर उघडला की आम्हाला हे दर वेळी दिसतं: बोटाएवढी कॉइल पांढऱ्या कवचाने दुप्पट जाड झालेली, आणि टाकीच्या तळाशी अंड्याच्या टरफलासारख्या खपल्या. तापताना गिझर कडकड वाजतो तो या थरामुळेच. थरातून उष्णता नीट बाहेर पडत नाही, कॉइल आतल्या आत प्रमाणाबाहेर तापते आणि एक दिवस जळते.

हिशेब करून पाहा. पाण्याचा जडपणा लिटरमागे ३०० मिलिग्रॅम असेल आणि घरात रोज १०० लिटर गरम पाणी लागत असेल, तर महिन्याला ९०० ग्रॅम क्षार गिझरमधून जातात. त्यातला बराचसा भाग वाहून जातो, पण थोडा जरी मागे राहिला तरी वर्षभरात कॉइलवर जाड कवच होतं.

म्हणून आमचा पहिला सल्ला बिनखर्चाचा आहे: गिझरचं तापमान ५५ ते ६० अंशांच्या वर ठेवू नका. त्यापुढे थर झपाट्याने चढतो. टाकीतली मॅग्नेशियमची कांडी, म्हणजे अॅनोड, वर्षातून एकदा तपासून घ्या. ती थर थांबवत नाही, पण टाकी गंजू देत नाही.

तोटीच्या जाळीला आणि शॉवरला सायट्रिक अॅसिडचं कोमट पाणी पुरतं. तासभर भिजवा, जुन्या ब्रशने घासा. बाथरूमचं जहाल अॅसिड वापरू नका, त्याने नळाची चकाकी जाते. कोणतंही अॅसिड ब्लीचमध्ये कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. संगमरवरावरही अॅसिड नको, तो दगड मुळात कॅल्शियम कार्बोनेटचाच आहे.

सॉफ्टनर कोणाला लागतो?

एका प्रचलित मोजमापात लिटरमागे ६० मिलिग्रॅमपर्यंत पाणी मृदू, १२० पर्यंत मध्यम, १८० पर्यंत जड आणि त्यापुढे फार जड मानतात. मध्यम पाण्यासाठी यंत्र घ्यायला आलेल्यांना आम्ही परत पाठवतो. टीडीएस मीटरच्या आकड्यावरूनही ठरवू नका; तो सगळ्याच क्षारांचा अंदाज देतो, जडपणा वेगळा मोजावा लागतो.

सॉफ्टनर म्हणजे जडपणा काढणारं यंत्र. त्यातलं रेझिन, म्हणजे बारीक मण्यांचा थर, कॅल्शियम, मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि बदल्यात सोडियम सोडतं. रेझिन भरलं की मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा कामाला लावायचं. १०० मिलिग्रॅम जडपणा काढला की पाण्यात सुमारे ४६ मिलिग्रॅम सोडियम वाढतं. म्हणून पिण्याचा नळ आणि झाडांचं पाणी सॉफ्टनरच्या आधीच वेगळं काढा. घरात कोणाला मीठ कमी करायला सांगितलं असेल तर हे विसरू नकाच. पाइपला बाहेरून लावायच्या चुंबकाने पाण्यातलं कॅल्शियम बाहेर निघत नाही, चाचणीत आकडा तोच येतो. आम्ही तो विकत नाही.

‘मुतखडा होईल का?’ हा प्रश्न जवळजवळ रोज येतो. जड पाण्यामुळे मुतखडा होतो असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेने जडपणासाठी आरोग्याच्या कारणाने मर्यादा घातलेली नाही. आधीच त्रास असेल तर मात्र डॉक्टरांनाच विचारा.

नमुना असा आणा

नळ दोन मिनिटं वाहू द्या. स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरा. गिझरचं पाणी नको, त्यातले थोडे क्षार आधीच आत चिकटलेले असतात. बाटलीवर तारीख आणि पाणी बोअरचं, नळाचं की मिसळलेलं ते लिहा. चाचणीत आम्ही थेंब मोजत औषध घालतो. लालसर पाणी निळं झालं की थांबतो. रंग पालटताना तुम्ही समोर उभे राहून पाहा, थेंब तुम्हीच मोजा.