जितकी पात, तितके पापुद्रे

कांदा आडवा चिरला की आत जी वर्तुळं दिसतात, त्यांतली बहुतेक म्हणजे एकेका पातीचं फुगलेलं बूड असतं. वर पात कमी असेल तर खाली पापुद्रे कमी. त्यामुळे कांदा पोसायला लागण्याआधी रोपाने किती पात केली, यावरच उत्पादनाचा बराचसा निकाल लागून गेलेला असतो.

पोसायला कधी लागायचं, हे रोप दिवसाच्या लांबीवरून आणि वाढत्या उष्म्यावरून ठरवतं. आपल्याकडच्या वाणांना त्यासाठी साधारण ११-१२ तासांचा दिवस पुरतो. नाशिकला डिसेंबरअखेर दिवस जेमतेम ११ तासांचा असतो, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तो १२ तासांवर जातो. उन्हाळ म्हणजे रब्बी कांद्याची लागण डिसेंबरात उरकली, तर थंडीत पात वाढवायला दोनेक महिने मिळतात. तीच जानेवारीअखेर गेली, तर पात थोडीच असताना ऊन तापतं आणि रोप तशा अवस्थेतच गड्डा धरतं. मग गोल्टी, म्हणजे बारीक कांदाच जास्त निघतो. हा उशीर युरियाने भरून काढण्याची सवय मला सर्वांत घातक वाटते. लागणीनंतर दोन महिन्यांनी दिलेलं नत्र (नायट्रोजन) कांद्याची मान जाड करतं, आणि जाड मानेचा कांदा साठवणीच्या चाळीत आधी सडतो.

रांगड्याची, म्हणजे खरीप आणि रब्बी यांच्या मधल्या कांद्याची, अडचण उलटी. तो सप्टेंबर-ऑक्टोबरात लागतो, म्हणून कडाक्याच्या थंडीत रोप चांगलं जाड झालेलं असतं. कोवळ्या रोपाला ही थंडी जाणवत नाही. जाड रोपाला मात्र काही आठवडे ती मिळाली की ते फुलावर येतं. हेच डेंगळे. म्हणून या हंगामात वाण पारखूनच घ्यावा. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संस्थेचा भीमा शक्ती रांगडा आणि रब्बी या दोन्ही हंगामांसाठी शिफारस केलेला आहे.

आता मुळांकडे या. कांद्याचं रोप उपटून पाहा: पांढऱ्या दोऱ्यांसारखी मुळं, फाटे थोडे, केसमुळं जवळजवळ नाहीत, आणि बहुतेक सगळी वरच्या वीतभर मातीत. स्फुरद (फॉस्फरस) मातीत फारसा जागचा हलत नाही, त्यामुळे इतक्या तोकड्या मुळांना तो मिळवायला मातीतल्या बुरशीची मदत लागते. शेणखताने ही वीतभर माती भुसभुशीत आणि जिवंत राहते. एकरी सहा-सात टन घाला, पण पूर्ण कुजलेलंच. ढिगात हात घातल्यावर ऊब लागली किंवा शेणाचा वास आला, तर ते अजून कच्चं आहे. कच्च्या खतातून मुळं खाणारी हुमणी अळी आणि तणाचं बी शेतात येतं. कांद्याची उभी, नळीसारखी पात जमिनीवर सावली धरत नाही, म्हणून तणापुढे हे पीक फार लवकर हरतं.

उन्हाळ कांद्यात ओळींमधल्या आच्छादनाचं मोल इथेच आहे. दोन बोटं जाडीचं उसाचं पाचट किंवा गव्हाचं काड तण दाबतं आणि ओल टिकवतं. पातीचा रस शोषणारे फुलकिडे कोषावस्थेत मातीत उतरतात, त्यामुळे काडाखाली त्यांचाही जोर कमी होऊ शकतो. काड मातीत मात्र गाडू नये. ते कुजवताना जिवाणू पिकाचं नत्र ओढून घेतात. पावसाळी कांद्याला, तेही भारी काळ्या रानात, मी आच्छादन घालायला सांगणार नाही. तिथे गादीवाफे, म्हणजे उंच वाफे करून पाणी बाहेर काढणंच महत्त्वाचं. उन्हाळ कांद्यातही पीक तयार होऊन माना मोडू लागल्या की काड बाजूला ओढावं, म्हणजे मान कोरडी होऊन घट्ट मिटते.