माफी मागितली की सुटका? दक्षिण आफ्रिकेत तसं नव्हतं

वर्णभेदाच्या काळातल्या गुन्ह्यांची चौकशी करणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या सत्य आणि सलोखा आयोगापुढे रडून माफी मागितली की खुनीही सुटत, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खोटं आहे. १९९५च्या कायद्यात पश्चात्तापाची अटच नव्हती. गुन्ह्यामागे राजकीय हेतू हवा आणि कबुली पूर्ण हवी. शिक्षामाफीच्या ७,११२ अर्जांपैकी मंजूर झाले ८४९.

वर्णभेदविरोधी नेते स्टीव्ह बिको १९७७मध्ये कोठडीतल्या मारहाणीने गेले. झटापटीत त्यांचं डोकं भिंतीवर आपटलं, ही जुनीच कहाणी पोलिसांनी आयोगापुढेही लावून धरली. १९९९मध्ये त्यांचे अर्ज फेटाळले. योग्यच झालं. बिकोंच्या कुटुंबाने तर शिक्षामाफीच्या तरतुदीलाच घटना न्यायालयात आव्हान दिलं होतं; १९९६मध्ये ते हरले. त्यांचा संताप मला आजही रास्त वाटतो.